आगंतुकवत्त आणि आवासिकवत्त : बौद्ध स्थळी आलेल्या परदेशी पाहुण्यास माहिती कोणी द्यावी?

प्रवासी माहिती केंद्र ही आधुनिक पर्यटन व्यवसायाची निर्मिती होय, असा सर्वसाधारण समज आहे. रेल्वे, आगबोट आणि विमान यांच्या सोयी वाढल्यावर परदेशी प्रवाशांची संख्या वाढली आणि त्यांना नकाशा, निवास, वाहन व स्थळाचा इतिहास यांची माहिती देण्यासाठी सरकारांनी कचेऱ्या उघडल्या, हे खरेच आहे. परंतु दूर देशाहून आलेल्या अनोळखी माणसाला स्थळाची माहिती देणे हे कर्तव्य आहे आणि ते नियमबद्ध असावे, हा विचार या देशात फार जुना आहे. तो पालि विनयपिटकात स्वतंत्र प्रकरण होऊन आलेला आहे. या विचाराचा इतिहास पाहणे आणि त्याच्या प्रकाशात आजच्या बौद्ध स्थळांवरील माहिती-व्यवस्थेचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विनयातील व्यवस्था

चुल्लवग्गाच्या आठव्या खंधकाचे नाव वत्तक्खंधक असे आहे. वत्त म्हणजे आचरावयाचे कर्तव्य. त्यात आरंभीच आगंतुकवत्त, आवासिकवत्त आणि गमिकवत्त, म्हणजे बाहेरून येणाऱ्या, विहारात राहणाऱ्या आणि विहार सोडून जाणाऱ्या भिक्खूंची कर्तव्ये क्रमाने सांगितली आहेत. नियमांच्या निमित्तकथेत एक प्रसंग येतो. एक आगंतुक भिक्खू ओस पडलेल्या विहाराची कडी काढून एकाएकी आत शिरला आणि वरून त्याच्या खांद्यावर साप पडला. भयाने तो ओरडला. पुढे नियम झाला की, रिकाम्या विहाराचे दार आधी ठोठवावे, थोडे थांबावे, दार ढकलून बाहेरूनच आत पाहावे आणि मगच प्रवेश करावा. अनोळखी जागेत माहितीवाचून पाऊल टाकणे धोक्याचे असते, हा या कथेचा साधा आशय आहे.

आगंतुकाने काय विचारावे याची यादी वाचली की, आजच्या कोणत्याही माहिती केंद्राने तिच्यापासून धडा घ्यावा असे वाटते. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे कोणते? निवास कोणता आणि त्यात कोणी राहते की नाही? भिक्षेसाठी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये? कोणत्या कुटुंबांना संघाने सेखसंमत ठरविले आहे, म्हणजे कोणाकडून भिक्षा घेण्याबाबत मर्यादा आहे? शौचाची व लघवीची जागा कोणती? संघाने आपसांत कोणते ठराव केले आहेत आणि कोणत्या वेळी आत यावे, कोणत्या वेळी बाहेर जावे? पाणी आणि शौचकूप यांपासून तो स्थानिक संकेत आणि वेळापत्रक यांपर्यंत काहीही येथे सुटलेले नाही.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आवासिकाने, म्हणजे तेथील रहिवाशाने, ज्येष्ठ आगंतुक दिसताच आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र व चीवर घ्यावे, पिण्याचे पाणी विचारावे आणि वरील सर्व गोष्टी आपणहून सांगाव्यात. आगंतुक कनिष्ठ असेल तर रहिवाशाने बसल्या जागेवरून का होईना, पण पात्र कोठे ठेवावे, चीवर कोठे ठेवावे, कोठे बसावे हे सांगितलेच पाहिजे. सत्काराचे स्वरूप ज्येष्ठतेनुसार बदलते. माहिती मात्र लहानथोर सर्वांना सारखीच द्यावयाची आहे. माहिती देण्याची जबाबदारी कोणा त्रयस्थावर टाकलेली नाही, ती त्या जागी राहणाऱ्यावर टाकलेली आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

चातुद्दिस संघ आणि पाहुण्याचा हक्क

या व्यवस्थेमागे एक तत्त्व आहे. विहाराचे दान विशिष्ट भिक्खूला न देता आगत व अनागत अशा चातुद्दिस संघाला, म्हणजे आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, चारी दिशांच्या संघाला दिले जाते. त्यामुळे दूर देशाहून आज संध्याकाळी येणारा भिक्खू हा येण्यापूर्वीच त्या विहाराचा वाटेकरी असतो. त्याला पाणी कोठे आहे हे सांगणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. ते त्याच्याच घराची माहिती त्याला देणे होय.

आपल्या महाराष्ट्रातील शिलालेख या तत्त्वाची साक्ष देतात. नाशिकच्या लेण्यांत शक अग्निवर्म्याची कन्या उपासिका विष्णुदत्ता हिचा लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीत तिने निरनिराळ्या श्रेणींकडे रकमा कायम ठेवीच्या रूपाने ठेवल्या. चारी दिशांच्या भिक्खुसंघातील जो कोणी आजारी पडेल त्याच्या औषधपाण्याची सोय व्हावी, हा त्या ठेवीचा हेतू होता. त्याच डोंगरातील १७ क्रमांकाचे लेणे उत्तरेकडील दातामिती नगरीच्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने खोदविले. कार्ले येथील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. ज्यांना आज आपण परदेशी म्हणू अशी माणसे या लेण्यांत दाते म्हणूनच आली आणि ब्राह्मी लिपीत आपला परिचय कोरून गेली.

आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे तिसऱ्या शतकात उपासिका बोधिसिरी हिने तंबपण्णीच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, थेरांसाठी चैत्यगृह बांधले. काश्मीर, गंधार, चीन, यवन, वंग, वनवासी, द्रविड अशा अनेक देशांत धम्मप्रसार करणारे ते आचार्य होत, असे तिच्या लेखात म्हटले आहे. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे विहार उभारला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने पाच गावे दिली. चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खूंचे अन्न, अंथरूण-पांघरूण, औषध, ग्रंथलेखन आणि विहाराची दुरुस्ती यांसाठी ते उत्पन्न होते. पाहुण्यांची व्यवस्था ही कायमच्या उत्पन्नावर उभी करावी लागते, हे त्या काळच्या दात्यांना नीट कळले होते.

हे केवळ भिक्खूंपुरते नव्हते. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी जन्म, संबोधी, धम्मचक्कप्पवत्तन आणि परिनिर्वाण या चार ठिकाणांचा दर्शनीय व संवेजनीय म्हणून निर्देश केला आणि तेथे भिक्खू, भिक्खुनी, उपासक व उपासिका श्रद्धेने येतील असे सांगितले. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर १० वर्षांनी संबोधीची यात्रा केली आणि २० वर्षांनी तो स्वतः लुंबिनीस गेला. तेथे त्याने उभारलेला स्तंभ १८९६ साली उजेडात आला. शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला, राजा स्वतः येथे आला, गावाचा कर माफ केला आणि धान्याचा वाटा आठव्या हिश्शापर्यंत कमी केला, एवढाच मजकूर त्यावर आहे. स्थळ कोणते, ते का महत्त्वाचे आणि तेथील रहिवाशांना त्यापासून काय मिळाले, या तिन्ही गोष्टी त्या थोड्या ओळींत आहेत. स्थळावरील माहितीफलकाचा याहून चांगला नमुना सांगता येणार नाही.

परदेशी यात्रिकांचा अनुभव

नियम ग्रंथांत होते, पण ते पाळले जात होते काय? इ. स. ३९९ साली चीनमधील चांगआनहून निघालेल्या फाहियानने मध्यदेशाच्या वर्णनात याचे उत्तर दिले आहे. परका भिक्खू आला की रहिवासी भिक्खू त्याला सामोरे जातात, त्याचे पात्र-चीवर उचलतात, पाय धुण्यास पाणी व चोळण्यास तेल देतात, अवेळी घेण्यास योग्य असे पेय देतात आणि विसावा झाल्यावर उपसंपदेची वर्षे विचारून त्यानुसार निवास देतात, असे तो लिहितो. वत्तक्खंधकातील व्यवस्था सुमारे नऊ शतकांनंतर एका परदेशी माणसाने प्रत्यक्ष पाहून नोंदविली, ही सामान्य गोष्ट नव्हे. जेतवनात पोहोचल्यावर तेथील भिक्खूंनी त्याला व त्याच्या सोबत्याला तुम्ही कोणत्या देशाचे म्हणून विचारले आणि हान देशातून आलो हे उत्तर ऐकून ते चकित झाले. आजवर त्या देशाचा कोणी तेथे आलेला त्यांनी पाहिला नव्हता.

तथापि सारे चित्र इतके उजळ नाही. चौथ्या शतकात सिंहलाचा राजा मेघवण्ण याने पाठविलेले भिक्खू बोधगयेस आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. परत गेल्यावर त्यांनी हे दुःख राजाला सांगितले. राजाने समुद्रगुप्ताकडे भेटी पाठवून विहार बांधण्याची अनुज्ञा मिळविली आणि बोधिवृक्षाच्या उत्तरेस सिंहली भिक्खूंसाठी मोठा विहार उभा राहिला. चिनी राजदूत वांग ह्युएन-त्से याच्या वृत्तांतातून ही हकीकत आपल्याला कळते. ह्युएनत्संगनेही तोच विहार पाहिला आणि त्याच्या उभारणीची जी कथा नोंदविली तिच्यातही, सीमेवरच्या देशाचा म्हणून सिंहलाच्या राजबंधूला भारतातील विहारांत अपमान सहन करावा लागला, हेच कारण दिले आहे. चातुद्दिस संघाचे तत्त्व ओठांवर असताना देश पाहून माणसाची किंमत ठरविली गेली. जन्माच्या जागी भूमी आली, एवढाच फरक. तो अपमान या नियतकालिकाच्या वाचकांना परका वाटणार नाही.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या इत्सिंगचा अनुभवही असाच बोलका आहे. ताम्रलिप्तीहून महाबोधीकडे जाताना तो आजारी पडून मागे राहिला आणि चोरांनी त्याचे वस्त्रदेखील काढून घेतले. पुढे चिनी यात्रिकांची चरित्रे लिहिताना त्याने खंत व्यक्त केली की, इतर निरनिराळ्या देशांचे विहार येथे आहेत, म्हणून त्यांच्या लोकांचे येणेजाणे सुकर होते. चीनचा मात्र एकही नसल्यामुळे त्याच्या देशबांधवांना हाल सोसावे लागतात. परदेशात आपली भाषा जाणणारे एखादे माणूस आणि आपल्या हक्काची एखादी जागा असावी, ही यात्रिकाची गरज तेराशे वर्षांपूर्वी याहून स्पष्ट शब्दांत कोणी मांडली नसेल.

बौद्धेतर पाहुणेही येत होते. मुंबईजवळच्या कान्हेरी येथे इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. त्यांत तेथे आलेल्या जरथुश्त्री मंडळींची नावे कोरलेली आहेत. लेण्यांतील वर्दळ ओसरण्याच्या काळातही तेथे भिन्न धर्माचे लोक येत होते, हे त्यावरून दिसते.

आधुनिक काळ : माहितीचा भूतकाळ

विहार ओस पडले तसे आवासिकही नाहीसे झाले. एकोणिसाव्या शतकात स्थळांचा शोध पुन्हा सुरू झाला तो पाहुण्यांच्याच लेखनावरून. फाहियान व ह्युएनत्संग यांच्या प्रवासवर्णनांची युरोपीय भाषांतरे हाती घेऊन अलेक्झांडर कनिंगहॅमने १८६१ पासून पुरातत्त्व सर्वेक्षक या नात्याने उत्तर भारतातील बौद्ध स्थळे निश्चित केली. ज्यांना कधी काळी येथल्या रहिवाशांनी वाट दाखविली, त्यांनीच शतकांनंतर या देशाला त्याची स्वतःची स्थळे दाखविली. पुढे १९१० साली सारनाथला स्थळ-संग्रहालय उघडले आणि १९१८ साली जॉन मार्शलची सांचीवरील मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. आजच्या माहिती केंद्रांची ही पूर्वपीठिका होय. या कार्याचे ऋण मोठे आहे. मात्र त्यातील सर्व निवेदन भूतकाळात होते. भारतातून धम्म नाहीसा झाला, हे गृहीत धरूनच ते लिहिले गेले आणि त्या काळी मैदानी प्रदेशात बौद्धांची वस्ती अत्यल्प असल्यामुळे ते काहीसे स्वाभाविकही होते.

याला पहिला छेद अनागारिक धर्मपाल यांनी दिला. जानेवारी १८९१ मध्ये ते बोधगयेस आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोलंबो येथे महाबोधी सोसायटीची स्थापना झाली. बोधगयेवरील बौद्धांच्या अधिकारासाठी त्यांनी चालविलेला लढा सर्वश्रुत आहे. त्या लढ्याचा गाभा विनयाच्या भाषेत सांगावयाचा तर तो आवासिकत्वाचा होता. १९४९ च्या कायद्याने महाविहाराची व्यवस्था बौद्ध व हिंदू सभासद समसमान असलेल्या समितीकडे गेली. त्या कायद्याविरुद्ध २०२५ साली भिक्खूंना पुन्हा आंदोलनास बसावे लागले, यावरून हा प्रश्न मिटलेला नाही हे उघड आहे.

१९५६ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाली म्हणून भारत सरकारने मोठा समारोह केला. प्रा. पु. वि. बापट यांनी संपादिलेला इंग्रजी ग्रंथ सरकारने त्याच निमित्ताने प्रकाशित केला. जगासमोर ठेवलेला तो बौद्ध धम्म मुख्यतः इतिहासातील वैभवाचा होता. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ती देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशाकडील. त्यांनी कुशिनारा येथे वर्षानुवर्षे राहून ते स्थळ पुन्हा नांदते केले होते. पाहुणा म्हणून आलेला भिक्खू आवासिक झाला आणि त्याच्या हातून या भूमीला पुन्हा आवासिक मिळाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे १ लाख ८१ हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये ती संख्या सुमारे ३२ लाख ५० हजारांवर गेली. बौद्ध स्थळांविषयी भूतकाळात बोलण्याचे कारण त्या दिवशी संपले.

आजची स्थिती

कारण संपले, पण सवय संपली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख ४३ हजार बौद्ध असून त्यांपैकी सुमारे ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात आहेत. ज्या राज्यात अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर आणि नाशिक येथील लेणी आहेत, त्याच राज्यात भारतातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक राहतात. परंतु थायलंड, जपान किंवा श्रीलंकेहून आलेला यात्रिक ही लेणी पाहून परत जातो, तेव्हा त्याच्या हातातील पत्रकात राजवंश, कालखंड, रंग आणि शिल्प असतात. लेण्यापासून कोसभर अंतरावरच्या वस्तीत उपासक-उपासिका दर पौर्णिमेला वंदना घेतात, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. मालक घरात असताना घर रिकामे असल्याचे पाहुण्याला सांगावे, तसा हा प्रकार आहे.

नावांचेही तेच. नाशिकच्या डोंगराला तेथील लेखांत तिरण्हु म्हटले आहे, म्हणून आपण त्यास त्रिरश्मी म्हणतो. प्रचारात नाव आहे ते मात्र पांडवलेणी. ज्या लेण्यांत दात्यांनी आपली नावे, गावे, व्यवसाय आणि दानाचे प्रयोजन स्वतः लिहून ठेवले आहे, ती पांडवांनी खोदली असे पाहुण्याने ऐकून जावे, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. चूक दुरुस्त करण्यास नवे संशोधन नको. भिंतीवरचा लेख वाचून दाखविला तरी पुरे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाची मोठी योजना झाली. तिच्यातून अजिंठ्याच्या पायथ्याशी भव्य पर्यटक केंद्र उभे राहिले आणि २०१३ साली ते खुले झाले. १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे करण्यात आल्या. मूळ चित्रांवरील गर्दीचा ताण कमी व्हावा आणि पाहुण्याला आधी समजून घेऊन मग लेणे पाहता यावे, ही कल्पना उत्तम होती. परंतु पुढे पाणी व वीज यांच्या थकबाकीपायी ते बंद पडण्याची वेळ आली. देवपालाच्या ताम्रपटातील पाच गावांची येथे आठवण होते. इमारतीसाठी पैसा मिळाला, पण पाहुण्याला रोज पाणी पाजण्याची कायमची तजवीज झाली नाही. विनयातील यादीत पहिला प्रश्न पाण्याचाच आहे.

आपले कर्तव्य

शासनाकडे मागणी करावयाची ती अवश्य करावी. माहितीफलकांवर शिलालेखांतील मूळ नावे व त्यांचे अर्थ असावेत, मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात पालि व बौद्ध संस्कृती यांच्या जाणकारांचा समावेश असावा आणि सिंहली, थाई, जपानी, चिनी, ब्रह्मी व तिबेटी भाषांत पत्रके मिळावीत. पण विनय ज्याला आवासिक म्हणतो ते शासन नव्हे. ते आपण आहोत.

दीक्षाभूमीचा स्तूप २००१ साली लोकांसाठी खुला झाला. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली जपानी सहकार्याने उभे राहिले. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई यांनी नागपूर हीच कर्मभूमी केली. जगातील बौद्धांची पावले नागपूरकडे, चैत्यभूमीकडे, महूकडे वळत आहेत. त्यांपैकी कित्येकांना बाबासाहेबांचे नाव प्रथम येथेच ऐकावयास मिळते. २२ प्रतिज्ञा काय आहेत, धर्मांतर कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या विचारांती झाले, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी का लिहिला, या प्रश्नांची उत्तरे त्यांना कोण देणार? आपल्या गावोगावच्या विहारांत उत्साहाची वाण नाही. पण वंदनेची वेळ कोणती, किल्ली कोणाकडे, पाणी कोठे, मुक्काम करता येईल काय आणि पाहुण्याशी दोन शब्द बोलेल असा कोण आहे, हे दारावर लिहिलेले क्वचितच आढळते.

प्रत्येक प्रमुख विहाराने आणि लेण्यांजवळच्या प्रत्येक बौद्ध वस्तीने आगंतुकांसाठी दोन-तीन तरुण-तरुणी तयार करावेत. त्यांना इंग्रजी यावी, ब्राह्मी लेखांतील दहा-वीस ओळी वाचता याव्यात, तिसरण-पंचसील शुद्ध पालित म्हणता यावे. जगातील कोणताही थेरवादी पाहुणा ते शब्द ओळखतो. भाषा वेगळी असली तरी तेथे ओळख पटते. पालि शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून अभ्यासही घडेल आणि काहींना उपजीविकाही मिळेल. लुंबिनीच्या लेखात यात्रेचा लाभ गावकऱ्यांना पोहोचला होता, हे विसरू नये.

आणि हे करताना सिंहली भिक्खूंचा अनुभव डोळ्यांसमोर असावा. पाहुणा बौद्ध आहे की नाही, कोणत्या देशाचा, कोणत्या निकायाचा, कोणत्या रंगाचा, हे पाहून पाणी विचारावयाचे नसते. शतकानुशतके ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले आणि ज्यांच्या बापजाद्यांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, त्यांच्या विहाराच्या दारात आलेल्या कोणत्याही माणसाने पाणी कोठे आहे म्हणून विचारले, तर त्याचे उत्तर देण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.